पाय कोरडा ठेवणे

४ मार्च, सोमवार

आज हजर झाले. प्रवास चांगला झाला, गाडी वेळेवर आली आणि सामानातलं काही फुटलं नाही. घ्यायला भावजय आणि भाची दोघी आल्या होत्या. भाची आता सात वर्षांची. आधी आईच्या मागे लपली, नंतर माझ्या पिशवीचा एक बंद धरून घरापर्यंत चालली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली की आत्याचं सगळं सामान मीच आणलं.

मला रस्त्याकडची खोली दिली आहे. खिडकी मोठी, उजेड भरपूर, भिंतींना नुकताच रंग दिलेला. टेबल धाकट्याचं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. मागच्या एप्रिलमध्ये गेला. तो इथल्या पाणीपुरवठा केंद्रात पंप चालवायचा. मी अठरा वर्षं दुसऱ्या गावी अशाच केंद्रात पाणी तपासत होते. इथल्या प्रयोगशाळेतली जागा रिकामी झाल्याचं कळलं तशी मी बदली मागितली. अर्जात कारण म्हणून ‘कौटुंबिक’ लिहिलं. खरं कारण एवढंच, की तो जिथे रोज जायचा तिथे रोज जावं असं वाटलं.

दुपारी केंद्र बघून आले. प्रयोगशाळा आमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या दुप्पट आहे. काचसामान धुऊन पालथं घातलेलं, सूक्ष्मदर्शकावर स्वच्छ कापडी टोपी. मुख्य साहेब स्वतः दाखवायला आले. हळू बोलतात. धाकटा गुणी माणूस होता म्हणाले. मला फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी असं झालं म्हणून वही काढून लिहिते आहे. जमेल तसं लिहीत जाईन.

६ मार्च, बुधवार

काम समजून घेतलं. उगमाकडून पाणी आधी हौदात येतं. हौद शाळेच्या मैदानाएवढा, उघडा, दगडी, चारही बाजूंनी आत उतरणाऱ्या पायऱ्या. तिथून ते वाळूच्या गाळणीतून गावात जातं. गाळण्या दोन. त्यातली एक तीन वर्षांपासून दुरुस्तीला काढलेली आहे, म्हणून खालची आळी आणि हौदाच्या भिंतीला लागून असलेला शाळेचा नळ सरळ हौदाला जोडलेत. तात्पुरते, असं पंपवाले काका म्हणाले आणि स्वतःच हसले. आमचं घर खालच्या आळीत.

नमुना मात्र रोज प्रयोगशाळेतल्याच नळाचा घ्यायचा. तो गाळणीनंतरचा, त्यामुळे पाणी नेहमीच उत्तम. शाळेच्या नळाचा नमुना कोण घेतं असं मी विचारलं. काका म्हणाले, बाई, आपल्याला पाणी तपासायला ठेवलंय, नळ तपासायला नाही. सगळे हसले, मीही हसले. दोनच दिवसांत माझं नाव बाटलीबाई पडलं आहे.

फाटकाशी संगमरवरी पाटी आहे. ‘हे गाव नारूमुक्त आहे.’ तारीख एकवीस वर्षांपूर्वीची. नारू मी फक्त पुस्तकात वाचलेला. न गाळलेल्या पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो, आणि हातभर लांबीचा पांढरा दोरा होऊन पायातून बाहेर येतो. काकांनी सांगितलं की त्या काळी घरोघरी नळाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं असायचं. पाटी बसली त्या दिवशी गावाने सगळी फडकी सोडली आणि फाटकाबाहेर ढीग करून जाळली. आता कोणी फडकं बांधलं तर ती गावाला शिवी समजतात.

माणसं फार शांत आहेत. साहेबांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत कोणाचा आवाज चढलेला ऐकला नाही.

१० मार्च, रविवार

भावजयीशी धाकट्याच्या आजारपणाबद्दल बोलायचा प्रयत्न केला. ती भांडी लावत होती. वन्सं, ताप होता, तुम्ही पाहिलंच की, एवढंच म्हणाली.

मी पाहिलं ते असं. तार नाही, फोन नाही, शेजारणीकडून कळलं तेव्हा निघाले. पोचले तेव्हा आजाराचा चौथा दिवस होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत खांबासारखा सुजलेला आणि घोट्याला जाड पट्टी. पट्टी मला सोडू दिली नाही. तो तापात पाणी पाणी करत होता. ग्लास तोंडाला लावला की मान फिरवायचा आणि पाय हलवायचा. सहाव्या दिवशी गेला. कागदावर ‘ताप’ लिहिलं. मी पुढे बारा दिवस राहिले, याच स्वयंपाकघरातला माठ भरत होते आणि त्यातलंच पीत होते.

तेव्हा मी काही विचारलं नाही. मी अशीच. माणूस समोर मेलं तरी विचारत नाही.

१४ मार्च, गुरुवार

दोन दिवस अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे आहेत. आज डाव्या घोट्याच्या वर सूज. चप्पल घट्ट होते. काकांनी पाहिलं, म्हणाले नवं पाणी बाधलं असेल, होईल सवय.

१८ मार्च, सोमवार

सुजेवर फोड आला आहे, सुपारीएवढा. आग एवढी की पाय स्टुलावर ठेवून काम केलं. नवल असं की कोणीही काय झालं म्हणून विचारलं नाही. पायाकडे पाहतात आणि दुसरीकडे बघतात. झाडणाऱ्या मावशी तेवढ्या म्हणाल्या, बाई, मोजे घाला, इथे सगळे घालतात. खरंच की. मार्चच्या उन्हात सगळ्या केंद्राच्या पायात जाड मोजे आहेत, साहेबांच्यासुद्धा.

२० मार्च, बुधवार

सकाळी अंघोळ करताना फोडावर पाणी पडलं आणि फोड फुटला. आत पांढरं टोक दिसलं. आधी वाटलं रात्री बांधलेल्या पट्टीचा धागा चिकटलाय, म्हणून चिमटीत धरला. तो आत ओढला गेला.

न्हाणीघरात किती वेळ बसले कोण जाणे. बाहेरून भाची विचारत होती, आत्या, झोपलीस का.

दवाखान्यात गेले. डॉक्टर चांगले आहेत, सभ्य आहेत, खुर्ची स्वतः ओढून देतात. जखम नीट पाहिली. टोक बाहेर होतं तेव्हाच पाहिली. आणि म्हणाले की गळू आहे. मी म्हटलं, हा नारू आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. सांगितलं की या गावात नारू नाही, त्यामुळे हा नारू असू शकत नाही. मी म्हटलं, मग टोक कसलं आहे. ते म्हणाले, ताई, जवळचं माणूस गेलं की अंगात काहीतरी फिरतंय असं वाटतं, मी अशा खूप बायका पाहिल्या आहेत. मी रजिस्टरमध्ये तेवढं संशयित म्हणून तरी लिहा म्हणाले. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवून दाखवलं. ताप, जुलाब, गळू, चावा, इतर. नारूचा रकाना एकवीस वर्षांपूर्वीच काढून टाकलाय. आणि ‘इतर’मध्ये लिहिलं तर वरून विचारणा होते.

घरी येईपर्यंत एकच वाक्य घोकत आले. मला शोक आणि जंत यांतला फरक कळतो.

धाकट्याची पट्टी. मला सोडू दिली नाही ती.

२१ मार्च, गुरुवार

पुस्तकात आहे तसं केलं. काडीला टोक गुंडाळायचं, रोज थोडं, आपणहून येईल तेवढंच. ओढायचं नाही. आत तुटला तर पाय सडतो. मुख्य म्हणजे पाय कोरडा ठेवायचा. आग झाली की माणूस पाय पाण्यात घालतो, आणि नारूला तेच हवं असतं. पाणी लागलं की तो आपली पिल्लं सोडतो, हजारोंनी. माझ्या पायाला पाणी लागणार नाही. एवढं एक मी करू शकते.

आज तीन सेंटिमीटर.

घरच्या नळाला दुहेरी फडकं बांधलं. भाचीला सांगितलं, याच्याखालचंच प्यायचं.

२२ मार्च, शुक्रवार

फडकं नव्हतं. भावजयीने सोडून घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. म्हणाली, वन्सं, लोक काय म्हणतील, आम्हाला इथे राहायचंय. मी म्हटलं, तुझी पोर पितेय ते. ती म्हणाली, सगळ्यांचीच पितात. मी पुन्हा बांधलं. तिने पुन्हा सोडलं. आवाज चढवला नाही. मी चढवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि भाची दाराआड जाऊन उभी राहिली.

आता भाचीच्या डब्यासोबत गाळलेल्या पाण्याची बाटली मीच भरून देते. शाळेच्या नळाला तोंड लावायचं नाही म्हणून बजावलं आहे. ती शहाणी आहे.

अडीच सेंटिमीटर.

२५ मार्च, सोमवार

शाळेच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पहिल्याच थेंबात दिसले. शेपटीचे, उड्या मारणारे, कपाळावर एकच डोळा असलेले किडे. नारू यांच्याच पोटातून माणसात येतो. एका थेंबात चार. पंचवीस थेंब पाहिले.

अहवाल लिहून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी सगळा वाचला. चहा मागवला. मग शांतपणे म्हणाले की नमुना ठरलेल्या नळाचा नाही, म्हणजे तो नमुनाच नाही, आणि नमुनाच नाही तर अहवाल कशाचा. कागदाची नीट घडी करून मला परत दिला. वर म्हणाले, बाटलीबाई, पायाला आराम द्या. दुपारी कधी हौदावर या, तिथे वारा छान असतो.

चहा मी तसाच ठेवून आले. मला आरडाओरडा करणारी माणसं कधी आवडली नाहीत. आज वाटलं, यांच्यातला एक तरी ओरडला असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं.

२८ मार्च, गुरुवार

एकूण एकवीस सेंटिमीटर. पण एक गोष्ट नोंदवते. घरी बसलं की दीड-दोनच येतो. प्रयोगशाळेत तीन. आज हौदाच्या काठाने पंपघराकडे जात होते तेव्हा पट्टीखाली सळसळलं. सोडून पाहिलं तर चार बोटं सैल पडला होता, काडीवरून सुटून, टोक हौदाच्या बाजूला. मी जागा बदलली. टोकही फिरलं.

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा.

१ एप्रिल, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत हौदावर गेले. वारा बघायला नाही. साहेब म्हणाले ते डोक्यातून जात नव्हतं.

मागच्या बाजूला, फाटकाकडून दिसत नाही अशा ठिकाणी, पाण्यापासून दुसरी पायरी मधोमध झिजलेली आहे. तिथे ते सगळे बसले होते. काका, मावशी, दोन कारकून, डॉक्टर. साहेब टोकाला, बुटांत मोजे नीट खोचून बाजूला ठेवलेले. सगळ्यांचे पाय पाण्यात. ऊन लख्ख होतं, प्रत्येकाच्या घोट्यापासून पांढरं काहीतरी लोंबत, हलत होतं. आणि पाय जिथे होते तिथलं पाणी दूध पडल्यासारखं गढूळ.

त्यांनी मला पाहिलं. कोणी दचकलं नाही, लपवलं नाही. मावशी सरकल्या आणि शेजारची जागा पदराने पुसली. साहेब म्हणाले, या, बसा, पाच मिनिटांत आग थांबते, उगीच सोसता.

मी म्हटलं, पोरं पितात हे. साहेब म्हणाले, आम्हीही पोरंच होतो.

माझा पाय एक पायरी खाली उतरला. मी उतरले नाही. पाय उतरला. मी कठडा धरला आणि मागे फिरले.

२ एप्रिल, मंगळवार

भावजयीला समोर बसवलं. सगळं सांग म्हटलं. तिने सांगितलं, निवडलेल्या भाजीकडे बघत.

धाकटा हौदावर बसत नव्हता. तोही काडीच वापरायचा. गेल्या एप्रिलमध्ये पाटीची वार्षिक तपासणी होती. वरून अधिकारी येतात, गाव फिरतात, पाटी राखायची की काढायची ते ठरवतात. धाकटा म्हणाला होता, मी पाय दाखवणार. आदल्या दिवशी साहेब, डॉक्टर आणि केंद्रातले बाकीचे घरी आले आणि समजुतीने बोलले. मग डॉक्टरांनी कात्रीने नारू त्वचेला लागून कापला. उरलेला आत गेला. भावजयीने पाय धरला होता. तो ओरडेल म्हणून बाकीच्यांनी तोंडावर उशी दाबली.

मी विचारलं, का धरलास. ती म्हणाली, वन्सं, सगळे होते की तिथे. मग म्हणाली, आणि तो ऐकतच नव्हता.

मी काही केलं नाही. भाजीची परात उचलून अंगणात भिरकावली, तेवढंच. तिने ती भाजी वेचून आणली, धुतली.

यंदाची तपासणी पंधरा एप्रिलला. तेरा दिवस. तोवर हा माझ्या पायात साबूत राहिला पाहिजे. अधिकाऱ्याला दाखवायचा आणि लिहून घ्यायचं. धाकट्याचं ‘ताप’ खोडून घ्यायचं. भाचीच्या नळाला गाळणी. मला दुसरं काही नको.

५ एप्रिल, शुक्रवार

गुंडाळणं बंद केलं आहे. सगळा निघून गेला तर दाखवायचं काय. एकूण एकतीस बाहेर. पुस्तकाप्रमाणे निम्म्याहून जास्त अजून आत.

आग पोटरीपर्यंत. रजा टाकली. खोलीला आतून कडी.

डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेरून म्हणाले, ताई, थोडं कापलं की मोकळ्या व्हाल. इतक्या मायेने म्हणाले. मी म्हटलं, माझ्या भावाला मोकळं केलंत तसं का. ते गेले नाहीत. दारापुढे येरझारा घालत होते. बुटांचा आवाज ओला येत होता.

८ एप्रिल, सोमवार

उजव्या पायावर दुसरा फोड. तळव्याशी.

भाची खिडकीतून बोलते. बाटली खिडकीतूनच देते तिला. आज म्हणाली, आत्या, बाई म्हणाल्या बाटली आणायची नाही, सगळे नळाचं पितात तर तू कोण मोठी. मी विचारलं, मग काय केलंस. ती म्हणाली, बाटली दप्तरात लपवली आणि शेवटच्या तासाला प्यायले. मी तिला शाबासकी दिली. तहानेने तिचे ओठ फुटले आहेत. सात वर्षांच्या पोरीला पाणी चोरून प्यावं लागतं, आणि गावाच्या फाटकात संगमरवर.

११ एप्रिल, गुरुवार

ताप आहे. पाय लाकडासारखा. पाणी पिताना ग्लासाकडे बघितलं की पाय उचलतो. पट्टी तीन पदरी केली. वर प्लॅस्टिक.

कोरडा. कोरडा ठेवायचा.

बाहेर कुजबुज. भावजय, साहेब. कोणीही दार ठोठावत नाही. वाट बघतात. माझ्या रागाचीही वाट बघतात, संपेल म्हणून. तो संपणार नाही. रात्रंदिवस मला तोच तर उभं ठेवतो.

१३ एप्रिल, शनिवार

दोन दिवस.

धाकट्याशी बोलते मनात. तू मान फिरवायचास आणि पाय हलवायचास. मला वाटायचं झटके आहेत. तू सांगत होतास.

१५ एप्रिल, सोमवार

दाखवला.

काठी टेकत फाटकापर्यंत गेले. अधिकारी गाडीतून उतरले तोच समोर उभी राहिले आणि सगळ्यांदेखत पट्टी सोडली. एकतीस सेंटिमीटर. साबूत. साहेब मध्ये पडले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अधिकारी हुशार माणूस. गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिलं. उठून म्हणाले, हा नारू आहे, शंकाच नाही. मला रडू आलं. त्यांनी कागद काढला. लिहायला लागले. नाव, वय, काम. इथे कधी आलात. मी म्हटलं, चार मार्च. त्यांचं पेन थांबलं. म्हणाले, नारूला बाहेर यायला वर्ष लागतं. तुम्हाला इथे दीड महिनाही झाला नाही. म्हणजे हा बाहेरून आलेला.

मी म्हटलं, मी मागच्या एप्रिलमध्ये इथे होते, भाऊ गेला तेव्हा, चौदा दिवस, त्याच घरात, तेच पाणी. त्यांनी विचारलं, पुरावा. मी भावजयीकडे बोट केलं. ती पुढे आली. तिला विचारलं, या मागच्या वर्षी आल्या होत्या का.

ती म्हणाली, नाही. त्यांना तर आम्ही नंतर कळवलं.

मी त्याचे पाय चेपले. मी त्याच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं. तिच्यासमोर. मी काही म्हणणार तोवर तिने खाली पाहिलं, स्वतःच्या पायातल्या मोज्यांकडे.

कागदावर लिहिलं: बाहेरून आणलेला रुग्ण, एक. गाव नारूमुक्त, कायम. खाली शिफारस: रुग्णाने गावाच्या पाण्यापासून दूर राहावं. गावाला जपण्यासाठी.

अधिकारी जाताना म्हणाले, काळजी घ्या, तुमच्यामुळे इथल्या मुलांना व्हायला नको.

१६ एप्रिल, मंगळवार

सामान दाराबाहेर. उद्याच्या गाडीने जायचं असं ठरलं आहे. मला न विचारता. भाचीला शेजारी ठेवलं आहे. खिडकीला बाहेरून खिळा. आज बाटली नाही.

लिहिलंय ना की मी आणला. एकवीस वर्षं यांनी — आणि कागदावर मी.

१६, दुपार

हौदावर आहे. वही मांडीवर. इथून शाळेचा नळ दिसतो. गाळणीचं तोंड, पाइपाचे जोड, सगळं एका कागदावर काढून घ्यायला आले. दुसऱ्या गावी जाऊन वर पाठवीन. एवढ्यासाठीच आले.

ते सगळे बसलेत. सरकले. जागा पुसली.

बसले. पायरी गरम आहे. पाय वर घेतले आहेत. वर.

आग कंबरेपर्यंत. पेन नीट धरता — यांनी त्याच्या तोंडावर उशी धरली. यांचं पाणी मी का जपू. कोणासाठी कोरडा. ज्या गावाने मला लिहिलं — मी आणला, तर मग आणते. मग खरंच —

हे मी म्हणते आहे का —

पट्टी सुटली आहे. मी नाही सोडली. कदाचित मीच.

फक्त बोटं.

घोट्यापर्यंत.

थांबली. आग एकदम थांबली. पायाभोवती पांढरं पसरतंय, सावकाश, ढगासारखं. इतका तो उलगडत जातो, संपतच नाही. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवताहेत. साहेब म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं का.

राग शोधते आहे. होता इथेच. आताच होता. धाकट्याचं काहीतरी — उशी — आठवतंय, पण त्याचं काही वाटत नाही. वारा छान आहे.

शाळेची घंटा. पोरं धावत नळाकडे. रांग लावताहेत. भाची पण आहे, रांगेत तिसरी, दप्तर पाठीला. बाटली नाही तिच्याकडे आज. मला ओरडायला हवं. इथून ऐकू जाईल. आधी पाय बाहेर काढायचे, मग उठायचं, मग ओरडायचं.

दुसरी झाली पिऊन.

उठतेच. एवढं जरा —